मला तर सरळच दिसतंय

चि. सौ. धाकटी हिस,

आशीर्वाद. पत्राच्या आरंभी आशीर्वाद अनेक आणि उत्तम असावेत अशी अपेक्षा असते. ते तसेच आहेत असे समजावे. तुम्हा उभयतांची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. साडूंचा गुडघा जिना चढताना वाजतो असे तुम्ही मागे कळवले होते. तो अद्याप वाजतो किंवा कसे, ते लिहावे. (वाजत असल्यास चिंतेचे कारण नाही असे माझे मत आहे. वाजणाऱ्या वस्तू वाजायच्या थांबल्या की चिंता करावी.) माझी प्रकृती उत्तम आहे. जेवण वेळेवर होते आणि दुपारची झोप वेळेच्या आधीच होते. सायंकाळी फिरावयास जावे असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्याप्रमाणे मी रोज सायंकाळी फिरावयास जाण्याचा विचार करतो.

तुम्ही पत्रात पुन्हा एकदा लिहिले आहे की, "भावजी, मला अहो-जाहो काय करता, मी काय तुमच्या ऑफिसातली साहेब आहे का?" हा मुद्दा तुम्ही आमच्या लग्नाच्या मांडवातही उपस्थित केला होता आणि मी त्यावर विचार करून कळवतो असे सांगितले होते. विचार चालू आहे.

आता तुमच्या पत्राकडे वळतो. तुम्ही लिहिता की घरातील वस्तूंविषयीचे असले प्रश्न आजवर तुम्ही ताईला विचारत होता, आता मलाच विचारावे लागणार. तरी मी उत्तरे व्यवहारी द्यावीत, व्याख्यान देऊ नये. पहिला प्रश्न, फ्रिजचे दार आपोआप लागत नाही, काय करावे. दुसरा, स्वयंपाकघरातील सिंकमध्ये पाणी तुंबते. तिसरा, कपडे धुण्याचे मशीन धुताना जागचे हलते. आणि चौथा, जो तुम्ही पत्र संपल्यानंतर समासात आडवा लिहिला आहे: "दादांचं घड्याळ चालतंय ना? तुम्हाला निगा राखायला जमत नसेल तर आमच्याकडे पाठवून द्या, हे बघतील काय ते." ते घड्याळ तुमच्या वडिलांचे आहे आणि त्यावर तुमचाही तेवढाच हक्क आहे, हे मी जाणतो. तथापि ते येथून पाठवावे अशी माझी इच्छा नाही, एवढे प्रारंभीच नमूद करतो. बाकी उत्तरे तुमच्या क्रमानेच देतो. चौथा प्रश्न चौथ्या स्थानी तुम्हीच ठेवला आहे, तेव्हा तो टाळतो आहे असे कृपया मानू नये.

सर्व उत्तरांच्या आधी पाणसळीविषयी सांगणे भाग आहे. फरशी सपाट आहे की नाही हे पाहण्यासाठी गवंडी जी वापरतात ती; लाकडी पट्टीत बसवलेली काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की वस्तू समतल. नकाशा विभागातून मी निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मला ही भेट दिली होती. (सोबत एक शालही होती, परंतु तिने कोणतेही नुकसान केले नाही.) घरी आणताच तुमच्या ताईने ती हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिली आणि "छान आहे हो, जपून ठेवते" असे म्हणून नेली. त्यानंतर ती मला दिसली नाही. ताई गेल्यानंतर थंडी आली. गरम कपडे काढण्यासाठी मी माळ्यावर चढलो, तेव्हा ती उशीच्या अभ्र्यात, अभ्रा रजईत, आणि रजई रिकाम्या पाण्याच्या टाकीत अशी सापडली. तिने वस्तू किती जपून ठेवली होती, या विचाराने मला भरून आले. ती जपून ठेवलेली नसून लपवून ठेवलेली होती, हे ध्यानात येण्यास थोडा काळ जावा लागला.

त्या बुडबुड्याविषयी काय लिहावे. दुपारी पडद्यांतून पिवळट उजेड येतो, रस्त्यावरून कोणी भंगार गोळा करणारा ओरडत लांब जातो, आणि ती नळी हातात तिरकी धरली की बुडबुडा अगदी सावकाश, एखाद्याला झोपेतून उठवू नये अशा बेताने सरकतो. मी त्याच्याकडे किती वेळ पाहत बसलो ते सांगता येणार नाही. मग मी ती पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा मध्यावर येईना. कपाटावर ठेवली, तेथेही येईना. खिडकीची कड, पलंगाची कड, पुस्तकांची फळी, कोठेही येईना. ज्या घरात मी एवढी वर्षे राहिलो ते घर सर्व बाजूंनी थोडे थोडे कललेले होते, आणि आम्हा दोघांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. निदान माझ्या तरी आले नव्हते. सरळ करण्यासारखे एवढे काही उरले आहे हे पाहून, खरे सांगावयाचे तर, मला बरे वाटले. सकाळी उठावयास एक कारण मिळाले.

आता उत्तर पहिले, फ्रिज. आमच्या फ्रिजच्या पुढच्या दोन पायांखाली काहीतरी घातलेले होते. वाकून काढून पाहिले, तर ती माझी शिसवी पट्टी निघाली. कार्यालयातून घरी आणलेली, आणि मधोमध कापून तिचे दोन तुकडे केलेले. ही पट्टी मी कित्येक दिवस शोधत होतो आणि शोधण्यात तुमची ताई मला मनापासून मदत करीत होती. (पलंगाखाली तिने स्वतः दोनदा पाहिले होते.) कापलेली मात्र अगदी मध्यावर होती, एक केसही इकडेतिकडे नाही, हे मी मान्य केले पाहिजे. मी दोन्ही तुकडे काढले, फ्रिजवर पाणसळ ठेवली आणि पाय फिरवून फिरवून बुडबुडा मध्यावर आणला. असा समतल फ्रिज तुम्हाला कोठे पाहावयास मिळणार नाही. त्या दिवसापासून त्याचे दार लागेनासे झाले. लावले तरी पाठ फिरवताच ते हळूच, कोणीतरी डोकावून पाहावे तसे, उघडे. एकदा दुपारी मी बाहेरच्या खोलीत झोपलो असता डोळे किलकिले झाले आणि स्वयंपाकघरातून तो निळसर उजेड येताना दिसला. संध्याकाळी काय करावे हे ठरत नसले की तुमची ताई फ्रिज उघडून त्याच्यापुढे नुसतीच उभी राहत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. "दार लाव, गारवा जातो," असे मी सवयीने म्हटले आणि कूस बदलली. दार लागले नाही. दूध नासले, बर्फाचे पाणी झाले आणि ते पाणी, फरशी मी अद्याप समतल केलेली नसल्याने, थेट तांदळाच्या पिंपाकडे गेले.

तेव्हा व्यवहारी उत्तर असे: फ्रिज मागच्या बाजूला किंचित कललेला असावा लागतो, म्हणजे दार आपल्याच वजनाने लागते. पुढच्या पायांखाली लाकडाचे सारखे दोन तुकडे द्यावेत. साडूंची पट्टी उत्तम. ती त्यांना न विचारता घ्यावी आणि नंतर शोधावयास मदत करावी. तीच पद्धत असावी असे दिसते. मी माझे तुकडे होते तेथे परत ठेवले आहेत.

उत्तर दुसरे, सिंक. सिंकखालून भिंतीत जाणारा पाईप आमच्याकडे एका कापडाने टांगलेला होता. ते कापड माझा टाय निघाला, निळा, बारीक ठिपक्यांचा. (हा मी आयुष्यात एकदाच, बढतीच्या मुलाखतीस घातला होता. बढती मिळाली नाही. टायची बदली मात्र येथे झालेली होती.) टायला शोभणारी ही जागा नव्हे, असे मला त्यावेळी वाटले. मी तो सोडला, धुतला, इस्त्री केला आणि पाईपला भिंतीशी बरोबर काटकोनात बसवून खाली पितळी पट्टी ठोकली. बुडबुडा मध्यावर. त्या दिवसापासून पाणी जाईना. ते सिंकमध्ये नुसते उभे राही, आणि त्यात वरची खिडकी, खिडकीतला आकाशाचा तुकडा आणि एखादे कांद्याचे साल तरंगत असे. भांडी घासता घासता मी त्या सालाकडे पाहत उभा राही. ते कोठेही जात नसे. त्याला घाई नव्हती आणि मलाही नव्हती. तसे पाहता वाईट दिवस नव्हते ते, परंतु वास येऊ लागला.

प्लंबर बोलावला. गृहस्थ बोलका होता. सिंकखाली डोके घालून तो आतूनच म्हणाला, "काका, एवढा सरळ पाईप मी जन्मात पाहिला नाही. कुणी बसवला?" मी बसवला असे मी सांगितले, आणि सांगताना मला जो अभिमान वाटला तो मी आपणापासून लपवीत नाही. मग त्याने पाईपवर पाना आपटला, वरून कसलीतरी पावडर ओतली, गरम पाणी ओतले, पुन्हा आपटला, आणि शेवटी हात पुसत "तुमच्याकडचं पाणीच जड आहे" असे निदान करून तो निघून गेला. पाण्याचे वजन मी मानीत नाही. मी पितळी पट्टी उखडली, पाईप भिंतीकडे उतरता केला आणि तो तसा राहावा म्हणून टाय पुन्हा बांधला. पाणी एखाद्या म्हाताऱ्याने घसा साफ करावा तसा आवाज करून गेले. व्यवहारी उत्तर एवढेच की पाईपला उतार द्यावा. मात्र मला टायची एकच गाठ येते, गळ्याची. त्यामुळे आमच्या सिंकखालचा पाईप आता मुलाखतीस निघाल्यासारखा दिसतो. त्याला यश मिळो.

उत्तर तिसरे, मशीन. याबाबतीत मी निर्दोष आहे असे मला दीर्घकाळ वाटत होते, कारण कपडे धुण्याचे मशीन खरोखरच समतल असावे लागते. मी ते केले. परंतु करताना त्याच्या चारही पायांखालून रबराचे चार तुकडे काढून टाकले. (माझी घरात वापरावयाची चप्पल. "कुत्र्याने नेली असेल," असे मला सांगण्यात आले होते. आमच्याकडे कुत्रा नव्हता. शेजारीही नव्हता. तरी मी तेव्हा ते मान्य केले होते.) समतल झालेले मशीन गुळगुळीत फरशीवर उभे राहिले आणि कपडे पिळण्याची वेळ येताच निघाले. मी दाराशी उभा होतो. ते माझ्याकडे येत होते. थरथरत, पण निश्चयाने, दूरच्या नात्यातील कोणी बऱ्याच वर्षांनी भेटावयास यावे तसे. मी बाजूला झालो. अशा वेळी बाजूला न होता बटण बंद करावे, ही व्यवहारी सूचना येथेच देऊन ठेवतो. ते नळीला ताण बसेपर्यंत चालले, नळी निघाली, आणि पुढचे पाणी खालच्या मजल्यावर गेले.

खालच्या मजल्यावरच्या बाई लगेच वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे कोण धावतंय? आमच्या डोक्यावरून गेलं काहीतरी." मी म्हटले, "कोणी धावत नाही. मशीन चालत होते. आता थांबले आहे." बाईंनी आत डोकावून पाहिले. मशीन दाराच्या चौकटीत तिरपे अडकले होते, फ्रिज उघडा होता, सिंक भरलेले होते, आणि मी हातात पाणसळ घेऊन उभा होतो. त्यांनी पाणसळीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही जेवता ना नीट?" मी म्हटले, जेवतो. त्या संध्याकाळी त्यांनी डब्यात भाजी पाठवली आणि तीही अशा तऱ्हेने झाकून, जणू घरात कोणी आजारी आहे. मी डबा धुऊन परत केला. त्यात काय घालून द्यावे हे मला सुचले नाही, म्हणून साडूंच्या गुडघ्यासाठी आणलेल्या तेलाची बाटली दिली. (ती तुम्हाला आता मिळणार नाही. दुसरी पाठवीन.) चपलेचे तुकडे पायांखाली पुन्हा घातले आहेत. मशीन जागेवर आहे. तुम्हीही तसे करावे. चप्पल कोणाची, ते सांगत नाही.

तुम्ही विचारले नाही, तरी खुर्चीविषयी दोन शब्द लिहितो, कारण तीही याच दिवसांत झाली. खिडकीजवळची, तुमच्या ताईची. तिचा पुढचा डावा पाय किंचित आखूड आहे, हे बसल्याशिवाय कळत नसे आणि तीवर दुसरे कोणी बसत नसे. पाणसळीने मात्र ते तत्काळ दाखवले. सुतार आला. त्याने खुर्ची उचलून, फिरवून, तीवर स्वतः बसून झुलून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, खुर्ची बरोबर आहे. तुमची फरशी चुकलीय." मी म्हटले, फरशी दुरुस्त करणे शक्य नसल्याने खुर्ची दुरुस्त करावी. तो म्हणाला, "मग उरलेले तिन्ही पाय कापू?" मी नको म्हटले. का म्हटले ते मला सांगता येत नाही, परंतु करवत मी स्वतः त्याच्या पिशवीत परत ठेवली. अखेर त्याने आखूड पायाला खालून लाकडाची एक चकती चिकटवून दिली आणि गोंद सुकेपर्यंत बसू नका असे बजावले. गोंद कधीच सुकला असेल. मी बसलेलो नाही.

आता चौथा प्रश्न. दादांचे घड्याळ भिंतीवर आहे. काच स्वच्छ आहे. किल्ली जागेवर आहे. लंबकाला ब्रासो लावला आहे. घड्याळ चालू आहे की नाही, असे तुम्ही शब्दशः विचारले आहे. त्याविषयी पत्रात फार जागा उरलेली नाही.

साडूंना माझा नमस्कार सांगावा. पत्राचे उत्तर सवडीने द्यावे.

तुमचे हितचिंतक,
भावजी

ता. क. घड्याळ बंद आहे. पत्र पाकिटात घातले होते, परंतु असे पत्र पेटीत टाकण्यास हात होईना, म्हणून परत काढले.

झाले ते असे. ते घड्याळ आमच्या भिंतीवर नेहमीच तिरके होते, हे तुम्ही पाहिले आहे. त्यावरून आमचा संवाद ठरलेला असे. मी म्हणे, "घड्याळ तिरके आहे." ती खिडकीजवळच्या खुर्चीतून हातातले काम न थांबवता वर पाही आणि म्हणे, "मला तर सरळच दिसतंय." मी म्हणे, "अगं, डोळ्यांना दिसते आहे, तिरके आहे." ती म्हणे, "तुमच्या डोळ्यांना." यापुढे संवाद गेला नाही. तिरके राहावे म्हणून तिने त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक खिळा ठोकून ठेवला होता. पाणसळ हाती आल्यावर मी सर्वांत प्रथम, फ्रिजच्याही आधी, तो खिळा उपटला. घड्याळ सरळ केले. भिंतीचे भोक खडू-तेलाच्या लांबीने भरून बुजवले, घासले आणि वर रंग दिला. हे काम इतके सफाईने झाले की खिळा डावीकडे होता की उजवीकडे, याचा भिंतीवर आता काडीचाही पुरावा उरलेला नाही. आणि त्याच दुपारी घड्याळ थांबले.

आधी मला वाटले किल्ली संपली. किल्ली दिली. लंबक हाताने हलवला की ते थोडे चालते, परंतु एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी असा माणूस चालावा तसे, एक ठोका जवळ, एक लांब. आणि मग थांबते. फ्रिज, सिंक आणि मशीन हे तिन्ही पूर्ववत केल्यावर चालू झाले, त्यावरून घड्याळासही काही कल हवा असणार एवढा तर्क मी केला. परंतु कोणत्या बाजूला आणि किती, हे मला आठवत नाही. ज्या वस्तूकडे बोट दाखवून मी एवढी वर्षे तिरकी तिरकी म्हणत आलो, ती नेमकी कोणीकडे तिरकी होती हे मला सांगता येऊ नये, याला काय म्हणावे. डोळे मिटून पाहिले तर कधी डावीकडे दिसते, कधी उजवीकडे, आणि पुष्कळदा घड्याळ दिसतच नाही, खुर्ची दिसते. घरात दुपारी इतके शांत असते की फ्रिज आपल्याशीच बोलतो आहे असा भास होतो. त्याचे काय म्हणणे आहे ते मी ऐकून घेतो.

ता. क. २. खरी विनंती आता करतो. तुम्ही आमच्याकडे आलात की बाहेरच्या खोलीत दारासमोर बसत होता आणि वेळ पाहावयाची झाली की मान कलवत होता. तुमची ताई त्यावरून तुम्हाला "बघा, चिमणीनं वेळ पाहिली" असे चिडवीतही असे. तर, आपण मान कोणत्या बाजूला कलवत होता, ते उलट टपाली कळवावे. आठवत नसल्यास दारासमोर बसल्याप्रमाणे बसून, समोर घड्याळ आहे असे मानून पाहावे. मान आपोआप जाईल. आणि हे कळेपर्यंत घड्याळ नेण्यासाठी साडूंनी येऊ नये. बंद घड्याळ त्यांच्या हाती देणे मला जमणार नाही, आणि चालू घड्याळ तर त्याहून नाही.

ता. क. ३. पत्र अद्याप येथेच आहे. पेटीपर्यंत जावयाचे होते, परंतु आज दुपारी घड्याळाशी आणखी एकदा झटावे असे वाटले. भिंतीशी पोहोचण्यासाठी मी माझी खुर्ची नेली, तीवर चढून घड्याळ पाणसळीने पुन्हा बिनचूक सरळ केले (सवय), उतरलो, आणि दमल्यामुळे बसावयास जागा शोधू लागलो. माझी खुर्ची भिंतीशी होती. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो.

बसताच खालून "टक" असा आवाज झाला. या खोलीत बऱ्याच दिवसांनी झालेला तो पहिला ठोका, म्हणून मी चमकून घड्याळाकडे पाहिले. ठोका घड्याळाचा नव्हता. सुताराची चकती निघून पलंगाखाली घरंगळत गेली होती. (फरशी चुकलेली आहे, हे त्याचे म्हणणे यावरून सिद्ध होते. त्याच्या गोंदाविषयी मी लिहीत नाही.) खुर्ची डाव्या अंगाला कलली आणि तिच्याबरोबर मीही. उन्हात तापलेली गादी, बाजूला खिडकी, पडदा हलतो आहे. आणि समोर पाहतो तो, पाणसळीने बिनचूक केलेले ते घड्याळ उजवीकडे झुकलेले. चांगले ढळढळीत झुकलेले. कोणालाही ते सहन झाले नसते.

मी उठलो, चढलो, घड्याळ डावीकडे अंमळ कलवले, उतरलो, बसलो. अजून झुकलेलेच. पुन्हा उठलो. असे किती वेळा केले ते मोजले नाही, खालच्या बाईंनी मात्र मोजले असावे, कारण मध्येच त्यांनी छताला काठी लावून "काका, आता कुठं निघालात?" असे विचारले. मी खिडकीतून "येथेच आहे" असे सांगितले. शेवटी एकदा बसलो आणि घड्याळ मला सरळ दिसले. अगदी सरळ. पाणसळ लावून पाहिली नाही. ती टेबलावर होती आणि तिच्यातला बुडबुडा एका कोपऱ्यात पडून होता. जाऊन लंबकाला बोट लावले आणि परत येऊन बसलो. पहिले काही ठोके लंगडत गेले, मग बरोबरीने पडू लागले. आता थांबेल, आता थांबेल म्हणून ऐकत राहिलो. ऐकता ऐकता डोळा लागला. जागा झालो तो घड्याळ वाजत होते, वेळ अर्थातच चुकीची, आणि माझ्या तोंडून, खोलीत कोणी नसताना, निघून गेले, "मला तर सरळच दिसतंय."

खुर्ची आधीपासून आखूड होती आणि घड्याळ तिच्यावरून लावले गेले, की घड्याळाकडे पाहून पाहून खुर्ची तशी झाली, हे मला ठाऊक नाही. खिळा डाव्या बाजूला नवा ठोकला आहे. चकती पलंगाखालीच राहू दिली आहे.

ता. क. ४. पत्र बंद करताना सहज आठवले. मागच्या खेपेस मी तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा तुमच्या फ्रिजचे दार हात काढताक्षणी लागत होते, सिंकचे पाणी चटकन जात होते आणि मशीन जागचे हलत नव्हते. शिवाय तुम्हा दोघी बहिणींना ही सर्व कामे दादांनीच शिकवलेली. म्हणजे तुमच्याकडे यातील काहीही बिघडलेले नाही, असा माझा कयास आहे. तो खरा की खोटा हे कळवण्याची आवश्यकता नाही. आणखी काही बिघडले असल्यास अवश्य विचारावे. न बिघडले असल्यासही विचारावे.

ता. क. ५. पाणसळ याच टपालाने वेगळ्या पुडक्यातून पाठवीत आहे. ती साडूंच्या हाती लागू देऊ नये. जपून ठेवावी, अभ्रा सोबत आहे.

ता. क. ६. घड्याळ चालू आहे. उभ्याने पाहिले तर तिरके दिसते, म्हणून मी ते बसून पाहतो. तू आलीस की मात्र दारासमोरच बसणार. तेव्हा मान कलवावी लागेल. ती नेहमीच्याच बाजूला कलव.